बुधवार थोरलीचा

"राणी गेली," बारकी म्हणाली आणि तिच्या हातातलं चादरीचं टोक सुटलं.

घडी घालताना एकीने टोक सोडलं की दुसरीच्या हातात नुसतं ओलसर, गरम धूड लोंबतं. थोरलीने ते जमिनीला लागायच्या आत वर खेचलं. रुग्णालयाच्या तळघरातल्या धुलाईघरात जमिनीला लागलेली चादर पुन्हा धुवावी लागते, मग गेलेलं माणूस कितीही मोठं असो.

"कोण राणी?"

"कोण राणी म्हणे! अगं, गाणारी राणी. पहाटेच गेली." बारकीने फोन तिच्या नाकासमोर नाचवला. "हे बघ, रस्ते भरलेत नुसते."

वर्तमानपत्रं तिला सुरांची राणी म्हणत. लोकांनी 'सुरांची' कधीच गाळून टाकलं होतं. लग्नात ती, निवडणुकीच्या गाडीवर ती, दाताच्या डॉक्टरकडे गाल धरून बसावं तर तिथेही तीच. तिचं एक तरी गाणं येत नाही असं माणूस शोधून सापडलं नसतं, आणि सापडलं असतं तर ते धुलाईघरात घडी घालत उभं असतं.

"वाईट झालं," थोरली म्हणाली. "धर टोक."

थोरली हे काही तिचं नाव नव्हे. ती आणि तिची धाकटी बहीण एकाच महिन्यात इथे कामाला लागल्या, म्हणून एक थोरली आणि एक धाकटी. धाकटी लग्न करून निघून गेली. थोरलीने ना लग्न केलं ना नोकरी सोडली, त्यामुळे नाव तिलाच चिकटून राहिलं.

तेवढ्यात मुकादम आला. भला दणकट माणूस, बॉयलरचा तापलेला वाल्व उघड्या हाताने फिरवणारा, पण आज डोळे लालबुंद. कुणाशी न बोलता तो थेट इस्त्रीच्या रोलरवरच्या फळीपाशी गेला. तिथे एक काळा स्पीकर होता. त्याने खिशातून फोन काढून जोडला आणि राणीचा आवाज यंत्रांच्या घरघरीवर तरंगायला लागला. रोलरवरच्या दोघींनी डोळे पुसले. बारकीने तर हुंदकाच दिला.

थोरलीने हातातली घडी पुरी केली, गठ्ठ्यावर ठेवली, आणि म्हणाली, "मुकादम, आज बुधवार."

हे कळायला धुलाईघराचा एक नियम माहीत हवा. पूर्वी या स्पीकरवरून इथे हाणामाऱ्या व्हायच्या बाकी होत्या. एकीला भजन हवं, एकीला नाचाची गाणी, एकजण बातम्यांवर अडून बसलेला. शेवटी वार वाटून घेतले. ज्याचा वार त्याचं गाणं. त्या दिवशी दुसऱ्याने स्पीकरला हात लावायचा नाही आणि तोंडही वाकडं करायचं नाही. सोमवारी बारकी अशी काही गाणी लावायची की सुकवणयंत्रात कुणी भांडी टाकली असावीत असं वाटावं. तेही सगळ्यांनी गिळलं होतं. गुरुवार मुकादमाचा. बुधवार थोरलीचा.

आणि बुधवारी फाटका गायचा. फाटका म्हणजे एक जुना गायक, जाड, खरखरीत आवाजाचा, घशात वाळू भरल्यासारखा. दुसऱ्या कुठल्या घरात, दुकानात, गाडीत तो वाजताना थोरलीने वर्षानुवर्षं ऐकला नव्हता. ती भाच्याकडे राहायची, आणि तिथे त्याचा एक सूर निघाला की भाचेसून दार लावून घ्यायची. फाटक्याला या जगात आठवड्यातून एक दिवस उरला होता.

"थोरले," मुकादम सावकाश म्हणाला, "आज कसला वार? आज राणी गेलीय."

"ऐकलं मी. वाईट झालं. पण वार माझा आहे."

"अगं बाई, मेलेल्या माणसाचा तरी मान ठेव!" रोलरवरून आवाज आला.

"ठेवतेय ना. वाकडा शब्द बोलले का मी तिच्याबद्दल? उद्या गुरुवार, उद्या दिवसभर लावा. मी हूं की चूं करणार नाही."

"उद्या!" बारकीने हात झटकले. "म्हणजे आज काय त्या फाटक्याचं खरवडणं ऐकायचं? आज? थोरले, तुला काळीज आहे की नाही?"

थोरलीने पुढची चादर उचलली. मुकादमाने तिच्याकडे पाहिलं, मग स्पीकर बंद केला. "जेवणानंतर बघू," तो म्हणाला. "तोवर कुणाचंच नको. विचार कर."

विचार करण्यासारखं त्यात थोरलीला काही दिसत नव्हतं. राणी तिला आवडत नव्हती, आणि हे ती लहान असल्यापासूनचं होतं. बाबा पत्र्याची पिंपं ठोकणाऱ्या कारखान्यात होते. संध्याकाळी ते रेडिओला जवळजवळ कान टेकवून बसत. राणी लागली आणि तिचा आवाज वर चढला की बाबा हात उडवून म्हणत, "गेली! बाई गेली गावाला! मागे नुसते वाजंत्रीवाले ठेवले." पोरं खदाखदा हसत. मग फाटका लागे आणि बाबा मांडीवर थाप मारत. "हा बघा, हा माणूस घरात येऊन गातो." आई आतून ओरडे, "लागला का तुमचा फाटका!" नाव आईनेच ठेवलेलं.

शाळेत बाईंनी राणीचं गाणं बसवलं तेव्हा थोरलीने उभं राहून सांगितलं होतं, की ही बाई मधेमधे गावाला जाते. बाईंनी तिला पूर्ण तास वर्गाबाहेर उभं केलं. तिला त्यात आपली चूक काय ते कळलं नव्हतं. तिला खरंच तसं ऐकू यायचं. वरच्या सुराला तिथे एक भोक पडायचं, आणि सगळं जग त्या भोकाला टाळ्या वाजवायचं.

नेमकी आजच धुलाईघरातल्या सगळ्यांच्या कानांची तपासणी होती. यंत्रांच्या आवाजात काम करणाऱ्यांची ती दर वर्षी व्हायची. कानाच्या विभागातली एक तरुण मुलगी पेटी घेऊन यायची आणि ब्लँकेटांच्या कोठारात बसायची. भिंतीपर्यंत रचलेली ब्लँकेटं आवाज पिऊन टाकत, त्यामुळे साऱ्या तळघरात तेवढीच जागा शांत होती. सगळे तिला कानवाली म्हणत. तिलाही ते आवडायचं.

"बसा मावशी. बारीकसा आवाज आला तरी बटण दाबायचं. अंदाजाने नाही हं, मागच्या वर्षी तुमच्या बारकीने परीक्षा असल्यासारखी सगळी बटणं दाबली."

थोरलीने कानांवर हेडफोनच्या गाद्या चढवल्या. दूर कुठेतरी किडा बोलावा तसे सूर येत गेले. ती दाबत गेली.

"छान आहेत कान. वरच्या बाजूला थोडी झीज आहे, पण ती इथे सगळ्यांनाच." कानवालीने आलेख पुढे सरकवला. "हे बघा, आधी हे वरचे, बारीक सूर जातात. जाड आवाज शेवटपर्यंत राहतात. बाहेर काय गडबड चाललीय हो? सगळे तुमच्यावर फुरंगटलेत."

थोरलीने सांगितलं. कानवालीला फाटका माहीत नव्हता, म्हणून फाटका सांगितला; मग बाबा आले, आणि 'बाई गेली गावाला' सांगताना थोरली स्वतःच हसली.

कानवाली हसली नाही. तिने पेन खाली ठेवलं. "तुमचे बाबा काय करायचे म्हणालात?"

"पिंपं ठोकायचे. जन्मभर."

"कानात काही घालून?"

"तेव्हा कोण काय घालतंय!"

"तुम्ही हाक मारली की लगेच बघायचे?"

"मी लहान असताना नाही बघायचे. मला राग यायचा." थोरली थांबली. "मग आम्ही घरात सगळेच जाड आवाजात बोलायला लागलो. तशी हाक मारली की ओ द्यायचे. म्हणून तर माझा आवाज असा पुरुषी झालाय, फोनवर मला लोक 'दादा' म्हणतात."

"मावशी," कानवाली हळूच म्हणाली, पण तिचे डोळे कोडं सुटल्यासारखे चमकत होते, "त्यांना राणी ऐकूच येत नसणार. वर गेली की खरोखर गायब होत असणार. नुसती वाद्यं. आणि तो तुमचा फाटका जाड आवाजाचा, म्हणून तो यायचा. त्यांच्या कानात शिरू शकणारा तेवढा एकच होता." मग तिला राहवलं नाही. "म्हणजे बघा ना, ही आवड तुमची नाहीच. एका बिघडलेल्या कानाची आहे!"

थोरली ब्लँकेटांकडे बघत बसली. बाबा गंमत करत नव्हते तर. ते रोज संध्याकाळी विचारत होते, बाई कुठे गेली, आणि पोरं हसत होती. आईही हसत होती. घरात एकालाही सुचलं नाही.

"पण मला तर ऐकू येत होतं," ती शेवटी म्हणाली. "माझे कान ठीक होते. मग मला का भोक ऐकू यायचं?"

कानवाली गोंधळली. "ते... यावर नाही दिसत," ती आलेखाकडे बघत म्हणाली. मग तिने स्वतःच्या फोनवर राणीचं एक गाणं शोधलं आणि गाद्या त्याला जोडून पुन्हा थोरलीच्या कानांवर चढवल्या. "नीट ऐका एकदा. इथे शांत आहे."

थोरलीने ऐकलं. डोळे मिटून, शेवटपर्यंत. आवाज वर चढला आणि या वेळी कुठेही गेला नाही. तिथे वर, पातळ आणि लख्ख, थांबून राहिला. भोक नव्हतं. सुंदर होतं, आणि ते तिने स्वतःशी कबूल केलं. जिच्या दारात आपलं काहीच काम नाही अशा बाईचं घर सुंदर असावं, तसं.

तिने गाद्या उतरवल्या. "छान गायची," ती म्हणाली, आणि उठली.

जेवणाच्या सुट्टीत कानवालीने ही गोष्ट बारकीला सांगितली. वाईट हेतू नव्हता; नवं काही सापडलं की ते पोटात ठेवणं तिला जमायचं नाही. पण बारकीला सांगणं म्हणजे स्पीकरवर लावणं. डबे धुऊन होईतो सगळ्या तळघराला कळलं होतं.

"काय गं थोरले," रोलरवरची म्हणाली, "म्हणजे तुझा बाप बहिरा होता, म्हणून आम्ही बुधवार बुधवार फाटका सोसायचा होय?"

हशा पिकला. मुकादमही हसला, जरा सुटल्यासारखा. "चला, भांडण मिटलं. थोरले, तुझ्या मनातही नव्हतं काही राणीविरुद्ध. गैरसमज होता. लावू ना आता?"

त्याचा हात फळीकडे गेला. थोरली त्याच्या आणि फळीच्या मधे जाऊन उभी राहिली.

"मुकादम, तुम्हाला राणी कुठे भेटली?"

"म्हणजे?"

"पहिल्यांदा कुठे ऐकलीत?"

मुकादमाने खांदे उडवले. मग चेहरा बदलला. "आई म्हणायची. मला झोपवताना. तिला काही राणीसारखं येत नव्हतं, पण..." त्याने नाक ओढलं. "सकाळपासून तीच आठवतेय."

"तुमची आई सुरात होती?"

"अजिबात नाही," तो म्हणाला आणि ओल्या डोळ्यांनी हसला.

"मग तुम्ही आईच्या बेसूर गळ्यातनं घेतलीत आणि मी बापाच्या बहिऱ्या कानातनं. माझाच तेवढा गैरसमज कसा?" तिचा जाड आवाज तळघरभर पोचत होता. "हो, बापाची आवड आहे. हे नाकही त्याचंच आहे, बघा, बसकं. चांगलं सरळ नाक कसं असतं ते मला कुणी दाखवलं, म्हणून हे काढून ठेवू? आज कळलं की त्याला दुसरं काही ऐकूच येत नव्हतं. मग तर आज मी मुळीच सोडणार नाही."

"पण आज सगळ्यांना राणी हवीय गं," बारकी म्हणाली. आता तिच्या आवाजात भांडण नव्हतं, विनवणी होती. "एवढ्याजणी आहोत. तू एकटी."

"म्हणून तर वार वाटले ना? सगळ्यांना हवं ते एरवीही वाजतंच. एकीला हवं ते वाजावं म्हणून वार. आज माझा घ्या. मग एखाद्या सोमवारी आम्ही सगळ्या मिळून तुझा घेऊ, चालेल?"

बारकीने ओठ आवळले. सुकवणयंत्र फिरत राहिलं. मुकादमाने थोरलीकडे पाहिलं, फळीकडे पाहिलं. त्याच्या मनात आलं असतं तर तिला हाताने बाजूला करणं अवघड नव्हतं. त्याने आपला फोन खिशात ठेवला.

"वार तुझा," तो म्हणाला. "पण आज मला ते ऐकवणार नाही." आणि तो मागच्या दाराने पायऱ्या चढून अंगणात गेला.

थोरलीने आपला फोन जोडला. फाटका खाकरल्यासारखा सुरू झाला. बारकी तिच्याकडे न बघता पलीकडच्या टेबलावर जाऊन उशांच्या अभ्र्यांच्या घड्या घालायला लागली. रोलरवरच्यांनी पाठ फिरवली. छताजवळच्या खिडकीतून मुकादम दिसत होता, रिकाम्या ढकलगाड्यांमध्ये बसलेला, फोन कानाला घट्ट लावून, डोळे मिटून.

दोघींचं काम एकीने करायचं तर चादर आधी मधोमध हनुवटीखाली धरावी लागते आणि हात पुरतील तेवढे ताणावे लागतात. पहिली घडी वाकडी झाली. तिने ती उलगडून पुन्हा घातली.

तिसऱ्या की चौथ्या चादरीला तिच्या लक्षात आलं, की आपण गातो आहोत. इतक्या वर्षांत इथे ती कधी गायली नव्हती. रोलरवरच्या एकीने वळून पाहिलं. थोरलीने चादर हनुवटीखालून काढून हातात घेतली, श्वास घेतला, आणि आवाज आणखी खाली, आणखी जाड केला. कारखान्यातून नुकत्याच परतलेल्या माणसालाही पहिल्या हाकेला ऐकू जावा, एवढा.