कुंकवाची रेघ

मी एक जुना लोखंडी आकडा आहे, मित्रांनो. हिंगोलीत स्टेशनच्या बाजूला पत्र्याची एक खोली आहे, तिच्या तुळईला मी टांगलेला आहे. माझ्यात साडीची झोळी अडकवली आहे आणि झोळीत एक लेकरू झोपलं आहे. खाली दगडी फरशी आहे. तुम्ही म्हणाल, किती नशीबवान आकडा! पण मी भीतीने अर्धा झालो आहे. का, ते सांगतो. मला फार वेळ नाही, तेव्हा जरा कान देऊन ऐका.

माझा जन्म याच खोलीत झाला. तेव्हा इथे किशनरावांचं वर्कशॉप होतं. बैलगाडीच्या चाकांना लोखंडी धावा बसवणं, फवारणीचे पंप दुरुस्त करणं, अशी त्यांची कामं. एकाहत्तरची लढाई नुकतीच होऊन गेली होती. फौजेला लागणाऱ्या कितीतरी लहानसहान वस्तू परदेशातून यायच्या. त्या आपल्याच देशात व्हाव्यात म्हणून सरकारने लहान कारखान्यांना संशोधनासाठी पैसे द्यायचं ठरवलं. किशनरावांनी अर्ज केला आणि तो चक्क मंजूर झाला. डोंगरकड्यावरून दोराने उतरणाऱ्या जवानाच्या कमरपट्ट्यासाठी आकडा करायचा होता. वजनाला हलका, पण अख्खा माणूस पेलणारा.

बातमी सगळीकडे पसरली. आखाडा बाळापूरहून पाहुणे खास बघायला आले. "आपल्या किशनरावाला दिल्लीनं पैसा देला म्हंता? धावा ठोकनाऱ्याला?" असं म्हणत ते चहा पिऊन गेले. किशनराव हसले, पण पाहुणे गेल्यावर बायकोला म्हणाले, "द्वारका, मला भेव वाटून राहिलं. धाव निखळली तं गाडी थांबते. हे तुटलं तं मानूस जाते."

तरीही त्यांनी मला घडवलं. भट्टीत तापवलं, ऐरणीवर ठोकलं, वाकवलं. मार खाताना मला दुखलं नाही, उलट आपण कुणीतरी मोठे होणार असं वाटत होतं. शेवटचं काम राहिलं ते पाणी देण्याचं. तापलेलं लोखंड कडक व्हावं म्हणून ते एकदम थंड करतात, त्याला पाणी देणं म्हणतात. सरकारी साहेबांनी मला तेलात बुडवायला सांगितलं होतं. किशनरावांनी मात्र जन्मभर विळे-कोयते पाण्यातच बुडवले होते. "पान्यानं कशी बराबर धार येते, तेलानं काय येनार?" असं म्हणत त्यांनी मला लालबुंद असताना थंड पाण्यात सोडलं.

तेव्हा माझ्या आत काहीतरी टचकन् उललं. पाणी इतकं फसफसत होतं की किशनरावांना ते ऐकू गेलं नाही. मला गेलं. माझ्या वाकणात केसाहून बारीक चीर पडली होती आणि ती वरून दिसत नव्हती. मी ओरडलो असतो, पण लोखंडाला कुठला आवाज! किशनरावांनी मला घासून चकचकीत केलं आणि अभिमानाने माझ्या पाठीवर मंजुरीचा सरकारी नंबर ठोकला. चाचणी अजून व्हायची होती. नंबर आधीच बसला.

साहेब चाचणीसाठी वाळूची पोती लटकवणार होते. किशनरावांना ते पटेना. "पोते काहून? मीच लटकतो. ज्यानं केलं त्यानंच आंगावर घ्यावं," असं त्यांनी जाहीर करून टाकलं. पुसेगावच्या रस्त्याला त्यांच्या भावाची विहीर होती. दुष्काळात ती खोल खणली होती, पाणी लागलं नव्हतं, तळाला नुसता काळा खडक. किशनराव माझ्या भरवशावर तिथे लोंबकळणार होते. रोज ते मला हातात घेऊन पाहायचे, आणि रोज मी मनात म्हणायचो, नका हो, नका.

चाचणी दसऱ्याच्या दुसऱ्या दिवशी ठरली. त्याआधी खंडेनवमी आली. त्या दिवशी हत्यारांना आराम असतो, त्यांची पूजा होते. द्वारकाबाईंनी हातोडा, सांडशी, ऐरण मांडली आणि मला मधोमध ठेवलं. तेलात कुंकू कालवून ते माझ्यावर माखलं, झेंडूचं फूल ठेवलं आणि बराच वेळ हात जोडून बसल्या. काय मागत होत्या, ते मला कळत होतं.

दसऱ्याच्या सकाळी किशनरावांनी मला फडक्याने लख्ख पुसलं आणि उन्हात ठेवलं. थोड्या वेळाने पाहतात तर वाकणावर कुंकवाची बारीक लाल रेघ! त्यांनी ती पुसली. रेघ पुन्हा उमटली. चिरेत शिरलेलं तेल हळूहळू बाहेर येत होतं. आत चीर आहे, हे किशनरावांना कळून चुकलं. त्यांनी घाईघाईने कानस घेतली आणि माझं वाकण घासायला लागले. रेघ गेली. मी पुन्हा निर्दोष दिसू लागलो आणि मला खरी धडकी भरली.

द्वारकाबाई दारात उभ्या होत्या. "अवो, वरून घासलं म्हंजे आतलं गेलं का?"

"सायेब उद्या येऊन राहिले. साऱ्या गावाला सांगून बसलो मी!"

"मंग गावाला सांगा का न्हाई जमलं. उद्या तुमी हिरीत पडले तं मी कोनाला काय सांगू?" त्यांनी कुंकवाची वाटी पुढे सरकवली. "लावा अजून. बघा."

किशनरावांनी पुन्हा तेल-कुंकू लावलं, पुसलं, वाट पाहिली. रेघ आली. ते लहान मुलासारखे रडले.

दुसऱ्या दिवशी त्यांनी मला साहेबांपुढे ठेवलं. "ह्यात चीर हाय सायेब. माझी चूक हाय, पान्यात बुडवलं. तुमचा पैसा वाया गेला."

साहेबांनी रेघ निरखून पाहिली. "वाया कसा? एवढं कळायला पैसे लागतातच. दुसरा करा, तेलात बुडवा. आणि ही कुंकवाची तपासणी प्रत्येकाला करा. हा मात्र मोडून टाका."

नवा आकडा तेलात निवला. तो पोत्यांच्या वजनाला टिकला, मग माणसाच्याही वजनाला टिकला. त्याची भावंडं फौजेत गेली, किशनरावांचं नाव झालं आणि त्यांनी नांदेडला मोठा कारखाना काढला.

मला मोडायला त्यांनी घण उचललाही होता. पण हात खाली येईना. "ह्याच्याच रेघेनं मी वाचलो," असं म्हणून त्यांनी मला आठवण म्हणून तुळईला टांगलं. द्वारकाबाई दर खंडेनवमीला माझ्या चिरेवर कुंकू भरायच्या आणि येणाऱ्याजाणाऱ्याला बजावायच्या, "ह्याला कंदील बी लटकवू नका." मग ते नांदेडला गेले. जाण्याच्या गडबडीत मी वरच राहिलो, आणि कुंकू उडून गेलं.

आता इथे जळबा शिंपी आणि त्याची बायको रूपाबाई राहतात. लेकरू झालं तेव्हा रूपाबाईने वर पाहिलं. "अवो, ह्याच्यावर तं सरकारी नंबर हाय! हे कशाचं तुटतंय!" असं म्हणून तिने झोळी बांधली. ती रोज प्रेमाने झोका देते, आणि प्रत्येक झोक्याला माझी चीर पुढे सरकते. लेकरू आता गुटगुटीत झालं आहे. त्याचा मला इतका लळा आहे, की ते झोळीत हसलं तरी माझा थरकाप होतो.

उद्या खंडेनवमी आहे. जळबाने शिलाईचं मशीन पुसून ठेवलं आहे, रूपाबाईने कुंकवाची वाटी काढली आहे. कात्रीला कुंकू लागेल, मशीनला लागेल. पण झोळीच्या आकड्याला हत्यार कोण समजणार?

मित्रांनो, जुन्या वस्तू तुम्हाला नेहमी म्हणतात, आम्हाला सांभाळा, फेकू नका. माझं मागणं उलटं आहे. ज्या वस्तूत खोट आहे ती आठवण म्हणूनसुद्धा ठेवू नका. पाठीवरच्या नंबरावर जाऊ नका, स्वतः तपासून बघा. तुमच्यापैकी कुणी स्टेशनकडे येणार असेल तर या खोलीत डोकावा आणि मला खाली काढा. किशनरावांचा जुना घण अजून कोपऱ्यातच पडला आहे. मला मोडा, माझी काही तक्रार नाही. फक्त आधी लेकरू उचला.