भाऊ वर, बहीण खाली

मित्रांनो, विमानतळावर गेलात की तुम्ही विमानं बघता. फार तर टॉवरच्या काचा बघता. त्या काचांच्या डोक्यावर काय आहे, हे मान वर करून कुणी बघत नाही. तिथे मी आहे. टॉवरच्या छपराचा जुना पत्रा, मधोमध भोक पाडलेला. त्या भोकातून रेडिओचा उंच खांब वर गेला आहे, म्हणून शेजारच्या पत्र्यांपेक्षा मला जरा जास्तच घमेंड होती. आता कसली घमेंड नि कसलं काय! आता माझ्या अंगावर नवा पत्रा ठोकला आहे, त्यामुळे आभाळसुद्धा दिसत नाही. काचांपलीकडची धावपट्टी आणि खालची खोली तेवढी दिसते. तिला कुलूप आहे.

मी जहाजातून या बेटावर आलो तेव्हा चकचकीत होतो. टॉवरचं उद्घाटन झालं त्या दिवशी बँड वाजला, पाद्रीबाबांनी लांबलचक प्रार्थना केली, शाळेतल्या मुली अंगाला खोबरेल चोपडून नाचल्या, डुकरं भाजली. राजधानीहून आलेल्या पाहुण्यांनी माझ्याकडे बोट दाखवून सांगितलं, "हे छप्पर तुमच्या नातवंडांना पुरेल." टाळ्या पडल्या. मीही विश्वास ठेवला, मूर्ख होतो. समुद्राच्या खाऱ्या वाऱ्यापुढे पत्र्याचं काय चालणार? नातवंडं सोडा, मुलांची लग्नं होईपर्यंतच माझी कड लाल झाली. दरवर्षी रंग लावायचा असं ठरलं होतं. पहिली दोन वर्षं लावला. मग रंग संपला, मग माणूस संपला, मग आठवण संपली.

माझ्याखाली लुपे बसायची. नोकरीला लागली तेव्हा पोरगीच होती. खोलीत एकटी असली तरी कमरेला आमच्याकडची मानाची विणलेली चटई नीट बांधून यायची, कारण सरकारी खुर्चीवर बसायचं तर अंग सावरून बसायला हवं. टॉवरवर दोन माणसं असायची. दुसरा फळं तोडायला ऑस्ट्रेलियाला गेला तो गेलाच. उरली लुपे. विमान आलं की ती शांत आवाजात वारा कुठून आहे, ढग किती खाली आहेत ते सांगायची, आणि पायलट निर्धास्त उतरायचा. ढगाळ दिवशी खालून आवाज आला नाही तर विमान उतरत नाही, हा नियमच आहे. विमान उतरलं नाही तर आजारी माणसानं बोटीची वाट बघायची. आणि बोट आमच्याकडे आठवड्यातून एकदा येते, तीही समुद्राची मर्जी असेल तर.

मग मी गळायला लागलो. कड तर कुजलीच होती, पण तिथलं पाणी भिंतीबाहेर पडायचं. खरी गळती माझ्या पोटातल्या भोकाशी होती. खांबाभोवतीचा रबराचा वायसर तडकला होता. तिथून पाणी खांबाला धरून खाली यायचं आणि नेमकं रेडिओच्या टेबलावर टपकायचं. आतलं लाकडी छत ओल खाऊन केव्हाच उतरवलं होतं, त्यामुळे अडवायलाही काही नव्हतं. लुपे बिचारी रेडिओवर प्लॅस्टिक घालायची, वर पातेलं ठेवायची. एकदा सेट भिजला आणि चार दिवस मुका झाला. राजधानीहून माणूस आला, सेट दुरुस्त केला आणि जाता जाता बजावून गेला, "ताई, पुन्हा भिजला तर नवा मिळणार नाही. टॉवर बंद करतील. आधी छप्पर करून घ्या."

छप्पर करायचं म्हणजे टेंडर. पहिल्या टेंडरला कुत्रंही फिरकलं नाही. दुसऱ्याला परदेशातल्या एका कंपनीनं असा आकडा घातला की साहेबांचे डोळे पांढरे झाले. तिसरं टेंडर घेतलं सेमिसीनं. सेमिसी म्हणजे लुपेचा सख्खा भाऊ.

आता आमच्याकडची रीत सांगितल्याशिवाय पुढचं कळायचं नाही. आमच्याकडे बहीण म्हणजे घरातला मान. भावानं तिची थट्टा करायची नाही, तिच्याशी वाद घालायचा नाही, तिच्या खोलीत पाऊल टाकायचं नाही. वयात आल्यावर दोघं एका छपराखाली बसत नाहीत, थेट बोलणंही टाळतात. आणि बहिणीनं चारचौघांत भावाची चूक काढली तर त्याला मेल्याहून मेल्यासारखं होतं. ही रीत वाईट आहे असं मी म्हणत नाही. या बेटावर बहिणीविरुद्ध कुणी ब्र काढत नाही, ते याच रीतीमुळे.

टॉवरच्या पायाशी अग्निशमनाच्या गाडीची शेड आहे. ती गाडी म्हातारा मोसेसे चालवतो. आग कधी लागत नाही, म्हणून तो धावपट्टीवरची डुकरं हाकलतो. संध्याकाळी शेडमध्ये पुरुष गोल बसून करवंटीतून कावा, म्हणजे मुळ्या कुटून केलेलं गुंगीचं पेय, पितात. सेमिसीला टेंडर मिळालं त्या दिवशी तिथे मोठी खसखस पिकली.

"काय रे सेमिसी," मोसेसे म्हणाला, "तुझ्या बहिणीची खोली ती. आत तर तुला जाता येणार नाही. मग गळतं कुठे हे बघणार कसं?"

"पाणी वरनं खाली येतं काका. त्यात बघायचंय काय?"

"अरे, पण निदान विचारशील तरी?"

"बहिणीला विचारू, तुझं छप्पर कुठे फुटलंय म्हणून? शोभतं का मला?" सेमिसीनं करवंटी खाली ठेवली. "माझ्या बहिणीच्या डोक्यावर पाणी पडतंय आणि छप्पर दुसऱ्या कुणी घालायचं? मग मी मिशा कशाला ठेवू?"

सगळे हसले. मित्रांनो, मीही तेव्हा खूश झालो. भाऊ बहिणीसाठी चढतोय म्हटल्यावर काम जीव लावून होणार असं वाटलं. जीव त्यानं लावलाच. तीच तर रड आहे.

काम सुरू झालं ते ऐन कोरड्या दिवसांत. विमान यायच्या वेळी लुपेला आत बसावंच लागे, आणि ती आत असताना सेमिसी तिच्या डोक्यावर पाय देऊन कसा उभा राहणार? मग मोसेसे खालून ओरडायचा, "सेमिसी, उतर रे! लुपे चढतेय!" हा बाहेरच्या शिडीनं खाली, ती आतल्या जिन्यानं वर. विमान गेलं की उलट. दोघं एकमेकांच्या नजरेलाही पडत नसत. सेमिसीनं समुद्राकडची कुजलेली कड बघितली आणि कपाळावर हात मारला. त्याला वाटलं, सगळं पाणी इथूनच आत जातंय. तिथे त्यानं दुहेरी पत्रा मारला, डांबर ओतलं, दुप्पट स्क्रू मारले. जुने पत्रे काढायला टेंडरात पैसे नव्हते, म्हणून नवे पत्रे आमच्या अंगावरच ठोकले. खांबाभोवती नवा पत्रा गोल कापला आणि तडकलेल्या वायसरवर टेकवून दिला. वरून बघणाऱ्याला तो वायसर धडधाकटच दिसायचा.

खाली जिन्याच्या पायाशी थांबलेल्या लुपेला कळलं. कोपऱ्यात ठोकाठोक ऐकू येतेय आणि खांबाजवळ कुणी हात लावत नाही, हे तिच्या कानांनी टिपलं. तिनं मोसेसेला जिन्यात गाठलं.

"काका, त्याला सांगा ना. गळतं ते खांबाजवळनं. कडेला नाही, खांबाजवळ."

"सांगतो पोरी."

"नक्की सांगा. पण... माझं नाव घेऊन तक्रार नका करू हं. हातातलं काम टाकून, रीतीप्रमाणे चटई घेऊन क्षमा मागायला येईल तो. गावभर होईल."

मोसेसे बाहेर गेला, शिडीखाली उभा राहिला, डोकं खाजवलं. बहिणीची तक्रार भावाच्या कानावर घालायची म्हणजे विस्तव पदरात बांधायचा. म्हाताऱ्यानं ती तक्रार पार मऊ करून वर पाठवली.

"सेमिसी! तुझी बहीण म्हणते, काम देखणं झालंय! जमलं तर खांबापाशीही एक नजर टाक म्हणते!"

"खांबाला काय धाड भरलीय?" सेमिसीनं येऊन माझ्या डोक्यावर खांब हलवून बघितला. तो हलला नाही. "पक्का आहे! तिला सांगा, निश्चिंत रहा म्हणावं. समुद्राकडे दुप्पट मारलंय!"

मोसेसे आत जाऊन लुपेला म्हणाला, "बघितलं म्हणाला त्यानं."

मी उन्हात कडकड वाजलो. ओरडत होतो मी, अरे इथे, इथे! पत्रा उन्हात वाजतोच, कोण लक्ष देतो? माझ्या वर भाऊ, माझ्या खाली बहीण. दोघांमध्ये माझ्याइतकाच जाड अडथळा, आणि तो ओलांडायची दोघांनाही चोरी.

मग तपासणीला राजधानीहून इंजिनियर लिसिआते आला. विमानानं आला, त्याच विमानानं परत जायचं होतं. शेडमध्ये जेवण मांडलं होतं, भाजलेलं डुक्कर, सुरण, नारळाच्या दुधातली पानं. प्रार्थना झाली, जेवण झालं, पाहुण्यानं पोटावरून हात फिरवला. वर चढायचा विषय त्यानं काढला नाही, आणि पाहुण्याला आठवण कोण करून देणार? पण टॉवरमध्ये बसणाऱ्या माणसाचा होकार घेतल्याशिवाय काम पुरं झालं असं धरत नसत. म्हणून त्यानं शेडच्या दाराशी लुपेला बोलावलं. सेमिसी पलीकडे गाडीच्या आड पाठमोरा उभा होता. अख्खं गाव तिच्या तोंडाकडे बघत होतं.

"काय ताई, थांबली का गळती?"

पाऊस पडलाच नव्हता, तर ती काय सांगणार? आणि भीती वाटतेय असं सांगायचं, तर भावाच्या देखत, गावाच्या देखत सांगायचं. लुपेनं मान खाली घातली. मला वरून, काचेतून, तिचा केसांचा अंबाडा तेवढा दिसत होता.

"काम माझ्या भावानं केलंय," ती म्हणाली.

"झालं तर मग!" इंजिनियर हसला. "बहिणीनं पावती दिल्यावर आणखी काय पाहिजे?"

लोकांनी टाळ्या वाजवल्या. मोसेसे आपल्या पायांकडे बघत बसला. सेमिसी पाठमोराच होता, पण त्याचे खांदे हलले. रडत होता तो, अभिमानानं.

पाऊस महिनाभरानं आला. आधी बारीक. खांबाला धरून एक ओघळ आला आणि लुपेनं काही न बोलता पातेलं पुन्हा टेबलावर ठेवलं. तिनं राजधानीला कळवलं नाही. कळवलं असतं तर भावाचं नाव काळ्या यादीत गेलं असतं. तिनं मोसेसेलाही सांगितलं नाही. मला तिचा राग येतो मित्रांनो, आणि लगेच रडूही येतं. काय करायला हवं होतं तिनं?

आणि मग तो दिवस आला. सकाळपासून आभाळ फाटलं होतं. लुपे आणि सेमिसीची आई, लेसिएली, पहाटे छातीत कळ येऊन पडली होती. दवाखान्यातल्या नर्सनं सांगितलं, राजधानीला न्या, आजच्या आज. खास विमान निघालं. सेमिसीनं आईला चादरीत गुंडाळून पिकअपमध्ये आणलं आणि धावपट्टीच्या कडेला थांबला. वर लुपे रेडिओवर होती. आवाज नेहमीसारखा शांत, फक्त एका हातानं टेबलाची कड घट्ट धरलेली. हातात धरायचा छोटा सेट दुरुस्तीला राजधानीला गेला होता, तो आलाच नव्हता.

विमान जवळ आलं. पायलटनं वारा विचारला. ती सांगायला लागली, आणि माझ्या पोटातून पाण्याचा लोट सुटला. नवे पत्रे आणि आम्ही, दोन थरांच्या मधे साठलेलं सगळं पाणी एकदम खांबावरून खाली आलं. पातेलं भरलं, उलटलं. सेटमधून चर्र आवाज आला आणि दिवा गेला.

"हॅलो? हॅलो?" लुपे बटण दाबत राहिली. मग तिनं फोन उचलला. राजधानीतून पायलटला निरोप जाईपर्यंत तो दोनदा ढगांवर घिरट्या घालून माघारी फिरला होता. आवाज लांब लांब गेला. पिकअपमधल्या माणसांनीही तो ऐकला.

जिन्यावर पावलं वाजली. आधी मोसेसे आला, धापा टाकत. त्याच्यामागे सेमिसी. उंबऱ्याशी तो क्षणभर थबकला आणि मग आत आला. जन्मात पहिल्यांदा दोघं माझ्याखाली एकत्र उभे होते. त्यानं टेबल बघितलं, खांब बघितला, खांबावरून वर माझ्याकडे बघितलं. पाणी अजून धो धो येत होतं. मग त्यानं आपल्या दुहेरी मारलेल्या कोपऱ्याकडे बघितलं. तो कोपरा ठणठणीत कोरडा होता.

बहीण हाताच्या अंतरावर होती. तरी तो तिच्याशी बोलला नाही. त्यानं मान खाली घालून म्हाताऱ्याला विचारलं,

"काका, माझ्या बहिणीला विचारा. कधीपासून गळतंय हे इथून?"

लुपेनंही म्हाताऱ्याकडेच बघून उत्तर दिलं.

"त्याला सांगा काका. पहिल्यापासून."

खाली पिकअपमध्ये नर्सनं हॉर्न वाजवला, एकदा, दोनदा. तिघं धावत खाली गेले. आई बोट येईपर्यंतसुद्धा टिकली नाही.

सगळे विधी झाले. मोसेसे खाली शेडमध्ये कुणाला तरी सांगत होता, मयताला लुपे आईच्या उशाशी बसली होती आणि सेमिसी मागे चुलीच्या धुरात रांधत होता. दोघं एकमेकांशी अजून बोलत नाहीत. आता ती रीत म्हणून, की आणखी कशानं, हे म्हाताऱ्यालाही सांगता येईना. टॉवर बंद झाला. सेट उचलून नेला. सेमिसीनं त्यानंतर कुणाच्याच छपरावर पाय ठेवलेला नाही. आणि आता म्हणे माझ्यासाठी चौथं टेंडर निघालंय.

मित्रांनो, पत्र्यानं शेवटी म्हणायचं असतं की माझी निगा राखा, मला रंग लावा. मला आता काही नको. मला काढून समुद्रात टाका, चालेल. पण तुमच्या घरात कुणी शिडी लावून वर चढलं असेल, तुमच्यासाठीच चढलं असेल, तर त्याला खालून ओरडून सांगा की इथे नाही, तिथे गळतंय. त्याला वाईट वाटेल. वाटू दे. तुम्हालाही लाज वाटेल, वाटू दे. मधल्या माणसाच्या हाती निरोप देऊ नका. लाज दोन दिवसांत ओसरते. आई परत येत नाही.