तोमोएच्या पाठीखालची फळी

मित्रांनो, मी एक जुनी फळी आहे. कुस्तीच्या रिंगणात कापडाखाली असते, म्हणून मला कुणी पाहत नाही. लोक पैलवानांचे चेहरे ओळखतात, मी त्यांच्या पाठी ओळखते.

माझा जन्म जपानमधल्या अकिताच्या डोंगरातला. करवतीखालून निघाले ती थेट ओयामादा वस्तादांच्या कुस्तीसंघाच्या ट्रकमध्ये चढले. आज या गावात कुस्तीचा खेळ, उद्या त्या. तिथल्या व्यायामशाळेत लोखंडी सांगाडा उभा राहायचा, त्यावर आम्ही फळ्या, आमच्यावर पातळ गादी आणि कापड. हे सगळं पैलवान मुलीच करायच्या. बर्फाच्या महिन्यांत मात्र गोदामात आम्हाला ओल लागायची आणि कुणी फिरकायचंसुद्धा नाही.

संघातली तोमोए पहिल्यांदा माझ्यावर पडली तेव्हा सोळा वर्षांची होती. पडायला शिकवताना वस्ताद पाठ फिरवून उभे राहत आणि फक्त आवाज ऐकत.

"धप्प नको, फट् पाहिजे! हनुवटी छातीला लाव, तळहात आपट! डोकं काय उसनं आणलंयस?"

तोमोए रडत रडत शिकली. पुढे ती इतकी सुंदर पडू लागली, की तिला आपटणारी कुणीही दुप्पट ताकदीची वाटायची. ती जिंकायची कमी, पण तिचं नाव पुकारलं की प्रेक्षकांनी फेकलेल्या रंगीत कागदी फितींनी रिंगण भरून जायचं. त्या टाळ्यांत थोडा वाटा माझाही आहे, असं मी समजायचे. मला कोण विचारतंय म्हणा!

मग नीगाता शहरात एका डावात तिची मान दुखावली. वर्षभराने डॉक्टरांनी परवानगी दिली, पण आता पडायची वेळ आली की तिचं अंग आखडायचं. टाचा माझ्यावर थरथरायच्या आणि ती तशीच खाली बसायची.

"पडता येत नाही, तर कुस्ती नाही," वस्ताद म्हणाले. "हंगाम संपेपर्यंत वाट बघतो. मग जा तुझ्या भावाच्या सफरचंदाच्या बागेत."

बोलले कठोर, पण त्या दिवशी त्यांच्या वाटचा भात तसाच राहिला, असं मुली म्हणत होत्या.

तोमोए तरीही ट्रकमधून यायची, फळ्या उचलायची. शेवटची फळी मात्र दुसरीच्या हाती द्यायची. कारण आमच्यात रिवाजच होता: शेवटची फळी जी बसवेल, तिनेच रिंगणात आधी पडून बघायचं.

हंगामातलं शेवटचं गाव आलं. रिनो नावाच्या नव्या मुलीने मला, शेवटच्या फळीला, घाईघाईत बसवलं. माझं एक टोक सांगाड्यावर टेकलंच नाही. मी ओरडणार तरी कशी? मुली गादी टाकणार, तेवढ्यात तोमोए धावली.

"अगं थांबा! कुणाची पाठ मोडायचीय का?"

तिने मला उचललं आणि ठोकून नीट बसवलं. मग गादी पडली, कापड ताणलं गेलं. कोपऱ्यात वस्ताद पाठमोरे उभे राहून रिंगणाभोवतीचे दोर आवळत होते.

"शेवटची फळी कुणाची?" त्यांनी विचारलं.

रिनो म्हणाली, "माझी, वस्ताद."

"गप गं," तोमोए म्हणाली. "तुझी असती तर तीन दिवस पाठ शेकत बसली असतीस. माझी आहे, वस्ताद."

ती माझ्यावर येऊन उभी राहिली. टाचा थरथरत होत्याच. पण मला तिने स्वतःच्या हातांनी बसवलं होतं, मी हलणार नाही हे तिला ठाऊक होतं. मला बोलता आलं असतं तर मी एवढंच म्हटलं असतं, ये गं, मी आहे.

फट्!

दोराची करकर थांबली. वस्तादांनी न वळताच विचारलं, "कोण पडलं?"

"मी, वस्ताद. तोमोए."

"मग लोळत काय पडलीस? कपडे बदल जा. तिसरी कुस्ती तुझी."

त्यांनी आधीच आवळलेला दोर पुन्हा आवळायला घेतला, हे मला कापडाखालूनही कळलं. मला इतका आनंद झाला की काय सांगू!

मित्रांनो, आता माझ्या कडा झिजल्या आहेत. एक दिवस मला बाजूला ठेवतील, त्याचं दुःख नाही. फक्त एक मागणं आहे. कुणाला पडायची भीती वाटत असेल, तर त्याला भित्रा म्हणू नका. जरा वाका आणि त्याच्याखालची फळी नीट बसली आहे ना, तेवढं बघा.