झुलनकोट

मुकुंदच्या तेराव्याला दिगंबर सबनीस जेवायला आला होता आणि त्याने कढी दोनदा मागून घेतली होती. मुकुंदच्या बायकोने, शकुनने, ती आपल्या हाताने वाढली, वर आग्रहही केला. खरं काय ते तिला पुढे आठवड्याभराने कळलं, आणि कळलं तेव्हा सगळ्यात आधी आठवली ती ती कढीची वाटी. अंगाचा असा तिळपापड झाला की हातातलं पातेलं तिने मोरीत आदळलं.

मुकुंद कलकत्त्यात गार्डन रीचला, नदीकाठच्या एका खासगी जहाजदुरुस्तीच्या कारखान्यात सुपरवायझर होता. खलाशी परांचीवर चढून जहाजाचा गंज खरवडायचे, रंग द्यायचे. कमरेला पट्टा बांधायचा असा नियम होता, पण पट्टा हालचालीत आडवा येतो म्हणून तो बहुतेक वेळा खुंटीलाच लटकलेला असायचा. मॅनेजर सान्यालसाहेबांनी कुठल्याशा परदेशी मासिकात एक कोट पाहिला. अंगातला कोट हाच पट्टा. जाड कॅनव्हासचे दोन पदर, आत खांद्यांवरून, छातीवरून, कमरेभोवती फिरवलेली मजबूत पट्टी, आणि पाठीला एक लोखंडी कडी. कडीत दोर अडकवायचा. पाय घसरला तर माणूस खाली न जाता नुसता झुलतो. खलाशांनी त्याचं नाव लगेच झुलनकोट ठेवलं.

कोट शिवायचं काम दिगंबरला मिळालं. सियालदहमागे त्याचा तंबू आणि ताडपत्र्या शिवायचा कारखाना होता. शिवाय तो महाराष्ट्र मंडळाचा खजिनदार. गणपतीत सोवळं नेसून आरतीचं तबक फिरवणारा, सगळ्यांच्या मुलांना नावाने हाक मारणारा, साळसूद माणूस.

या कोटाची एकच खोड होती. पट्टी आत शिवलेली, त्यामुळे ती आहे की नाही हे बाहेरून दिसायचं नाही. खलाशांचा म्होरक्या शरच्चंद्र, ज्याला सगळे शरतदा म्हणत, तो मुकुंदला म्हणाला होता, एक कोट उसवून बघू या. मुकुंद हसला. "दिगंबर आपला माणूस आहे," म्हणाला. एवढ्या अफाट कलकत्त्यात मराठी घरं ती किती. त्यातला माणूस आपल्याला फसवील हे त्याच्या डोक्यातच आलं नाही. खलाशांचा विश्वास बसावा म्हणून पहिला कोट त्याने स्वतः घातला.

मार्चमध्ये एका जुन्या स्टीमरच्या परांचीवरून त्याचा पाय घसरला. कडी दोराला तशीच राहिली आणि मुकुंद खाली काँक्रीटवर गेला.

चौकशी झाली. दिगंबरने डोळे पुसत सांगितलं की मुकुंदने कोटाची बटणं लावली नव्हती, म्हणून सगळा झटका एका जागी बसला आणि कॅनव्हास फाटला. चौकशीवाल्यांनी माना डोलावल्या. मेलेल्या माणसाच्या माथी खापर फोडण्याइतकं सोपं काही नसतं. तो उठून भांडायला येत नाही.

फाटका कोट इस्पितळातून कपड्यांच्या गाठोड्याबरोबर शकुनकडे आला. दोन दिवस तिने त्याला हात लावला नाही. मग धुवायला म्हणून काढला, तर फाटलेल्या जागेतून एक तपकिरी चिंधी डोकावत होती. तिने कात्री घेऊन सगळा कोट उसवला. आत पट्टी नव्हतीच. गोणपाटाच्या घड्या घालून भरल्या होत्या, वरून चाचपलं तर पट्टीच आहे असं बोटांना वाटावं अशा बेताने. कडी नुसती कॅनव्हासला टाचली होती.

ती तशीच सान्यालसाहेबांकडे गेली. त्यांनी दिगंबरला बोलावून घेतलं. तो एक नवा कोट घेऊन आला, साहेबांच्या टेबलावर तो उसवला, आतली पांढरी पट्टी ओढून दाखवली आणि मग शकुनकडे वळून, साहेबांनाही कळावं म्हणून हिंदीत, अगदी मऊ आवाजात म्हणाला, "भाभी, दुःखात माणूस काय काय करतो. कोट तुम्हीच उसवलात. आत गोणपाट कुणी भरलं, हे आता कोण सांगणार?"

सान्यालसाहेब खिडकीबाहेर बघत राहिले. सगळा माल त्यांच्या सहीने आत आला होता. गोदाम उघडायचं म्हणजे स्वतःलाच उघडं पाडायचं. शरतदाने गोदामातला एखादा कोट उघडून बघा म्हटलं, तर हा युनियनचा डाव आहे म्हणून त्यालाच दटावलं. चौकशी संपली आहे, असं साहेब म्हणाले.

मंडळातल्या बायका एकमेकींत बोलू लागल्या की शकुनच्या डोक्यावर परिणाम झालाय. दिगंबर जिथे तिथे उसासा टाकून सांगायचा, "मुकुंद देवमाणूस, पण जरा निष्काळजी." जखमेवर मीठ चोळावं तर या माणसाने.

शकुनला आता न्याय वगैरे काही नको होता. तिला सूड हवा होता. हा शब्द ती मनातल्या मनात घोळवायची आणि तिला बरं वाटायचं. दिगंबर मरावा असंही तिला वाटून गेलं, एकदा नव्हे, रोज. पण मेला असता तर त्याच्या फोटोला हार पडला असता, मंडळात शोकसभा झाली असती आणि सगळे म्हणाले असते, भला माणूस गेला. तिला तो जिवंत हवा होता, आणि चारचौघांत तोंडघशी पडलेला हवा होता.

पावसाळा आला. खलाशी झुलनकोट अंगाला लावायला तयार नव्हते. माल गोदामात कुजत होता आणि सान्यालसाहेबांवर वरून दट्ट्या होता. शकुन त्यांना जाऊन भेटली. डोक्यावर पदर, आवाज खाली. ती म्हणाली, झालं ते झालं. कारखान्यातल्या विश्वकर्मा पूजेला मी येते, माझ्या हाताने कोट वाटते, मग खलाशी नाही म्हणणार नाहीत. साहेबांचा चेहरा खुलला. दिगंबर तर घरी येऊन म्हणाला, "वहिनी, मन मोठं आहे हो तुमचं." शकुनने त्याला चहा दिला. साखर जरा जास्तच घातली.

मग ती कामाला लागली. जुन्या बाजारात लढाईच्या वेळच्या हवाई छत्र्यांचे पट्टे अजून मिळत. शरतदाने ते आणून दिले. तसलाच कॅनव्हास आणला. मुकुंदच्या फाटक्या कोटावर बेतून तिने हुबेहूब तसा कोट शिवला आणि आत खरी पट्टी घातली, दुहेरी टाक्यांची. शरतदाने तो विटांचं पोतं टांगून, झटके देऊन पाहिला. कोट तसूभर हलला नाही.

"असला भक्कम कोट त्या हरामखोराला?" शरतदाने बंगालीत विचारलं.

"त्याला ते ठाऊक नाही ना," शकुन म्हणाली. तिचा जन्म याच शहरातला. बंगाली तिच्या जिभेवर मराठीइतकंच सहज यायचं. "स्वतः काय भरलंय ते त्याला ठाऊक आहे. त्याने निर्धास्तपणे उडी मारली तर मी हरले. पण तो मारणार नाही."

बोलली खरी, पण खात्री तिलाही नव्हती. सगळी मदार एका माणसाच्या भीतीवर होती.

पूजेच्या दिवशी कारखाना बंद होता. यंत्रांना झेंडूच्या माळा, ढोल, खिचडीच्या कढया, आकाशभर पतंग. खलाशांची बायकामुलं आली होती. विश्वकर्म्यासमोर झुलनकोटांचा ढीग रचला होता. शरतदाने त्यातला म्हणून शकुनचा कोट तिच्या हातात दिला. तिने त्याला कुंकू लावलं आणि माइकसमोर उभी राहून बंगालीत बोलू लागली.

"माझ्या नवऱ्याने बटणं लावली नव्हती, असं चौकशीत ठरलंय. तर बटणं नीट कशी लावायची, ते कोट शिवणारे सबनीसबाबूच दाखवतील. कोट घालून त्याच परांचीवरून ते एकदा खाली उडी टाकतील. ते झुलले, की तुम्ही सगळ्यांनी कोट घालायचे. आणि चूक माझ्या नवऱ्याचीच होती, असं मी इथेच, याच माइकवर सांगेन."

ढोल थांबला. मग खलाशांनी टाळ्यांचा कडकडाट केला. दिगंबरने टेबलावर ओढून दाखवलेली पट्टी सान्यालसाहेबांना आठवली आणि कल्पना फारच आवडली. त्यांनीही टाळ्या वाजवल्या.

दिगंबरच्या तोंडचं पाणी पळालं, तरी तो हसत होता. म्हणाला, मला उंचीवर चक्कर येते. म्हणाला, वाळूचं पोतं टांगू, शास्त्रीय पद्धत तीच.

"पोत्याला बटणं लावता येत नाहीत, बाबू," शरतदा म्हणाला. लोक हसले.

आता नाही म्हणायची सोय उरली नव्हती. दिगंबरने कोट चढवला. खांद्यावर, छातीवर, कमरेवर त्याने चाचपून पाहिलं. बोटांना फरक कळू नये अशी सोय त्यानेच करून ठेवली होती, ती आता त्याच्याच मुळावर आली. पुढे तो, मागे दोर घेतलेला शरतदा आणि त्यांच्यामागे पदर खोचून शकुन, असे तिघं बांबूच्या शिडीने वर गेले. खालून लोकांना वाटलं, बाई धीर द्यायला चाललीय.

वर पोचल्यावर शकुनने पायाखाली पाहिलं. हीच ती फळी. मुकुंदला शेवटचं काय दिसलं असेल? नदी, पलीकडच्या गिरण्यांची धुराडी, एखादी होडी. क्षणभर तिला सूडबीड काही नको वाटलं, नुसतं खाली बसून रडावंसं वाटलं. मग समोर दिगंबरची पाठ दिसली. हातभर अंतरावर होती. एक धक्का पुरला असता, आणि तिचा हात उचललाही गेला. पण धक्का दिला तर हा झुलणार, वाचणार आणि जिंकणार, हे आठवून तिने हात मागे घेतला.

शरतदाने कडीत दोर अडकवला आणि दुसरं टोक जहाजाच्या कठड्याला बांधलं. खाली मुलं ओरडू लागली, "झुलो, झुलो."

दिगंबर फळीच्या टोकापर्यंत गेला. त्याने खाली पाहिलं, एक पाय पुढे काढला, आणि तो पाय तसाच अधांतरी राहिला. हा मारतो की काय उडी, असं तिला वाटलं. डोळ्यांसमोर तो माइक आला आणि त्यावर आपल्याच तोंडाने उच्चारायचं ते वाक्य.

पाय मागे आला. दिगंबरने बाजूच्या बांबूला मिठी मारली आणि मटकन खाली बसला. पुरती पाचावर धारण बसली होती.

"वहिनी," तो मराठीत, अगदी हळू म्हणाला. "यात काही नाहीये. गोणपाट आहे नुसतं. मी मरेन हो. काहीतरी सांगा ना त्यांना. आपण आपली माणसं."

तेवढंच तिला हवं होतं. आपली माणसं. याच दोन शब्दांवर मुकुंद गेला होता. ती फळीच्या कडेला आली, बांबूला एका हाताने धरून वाकली आणि छातीत होता नव्हता तेवढा आवाज काढून ओरडली, "उनि बोलछेन, एई कोटे किच्छु नेई. लाफ दिले मोरे जाबेन."

खाली कुणाला नीट कळलं नसेल म्हणून तेच, या कोटात काही नाही, उडी मारली तर मरेन असं हे म्हणतायत, असं तिने हिंदीत सांगितलं. गोणपाटासकट सांगितलं.

"ही खोटं बोलतेय," दिगंबर हिंदीत किंचाळला.

"मग मारा उडी," शरतदा शांतपणे म्हणाला.

दिगंबरने बांबू सोडला नाही. खालच्या सगळ्यांनी ते पाहिलं. मग कुणी कुणाची परवानगी विचारली नाही. खलाशांनी देवासमोरचा ढीग ओढला आणि सुरे घेऊन कोट फाडायला सुरुवात केली. एकामागून एक कोटातून गोणपाट निघत होतं आणि बायका ते उचलून सान्यालसाहेबांच्या पायाशी टाकत होत्या. साहेबांनी खुर्ची मागे सरकवली, पण उठून जायची त्यांची छाती झाली नाही. मग दोन म्हातारे खलाशी माइकपाशी आले आणि सुपरवायझरबाबूंची चूक नव्हती, असं सगळ्या कारखान्याला ऐकू जाईल अशा आवाजात म्हणाले. वर उभ्या शकुनने ते ऐकलं. तिचं रडणं तेव्हा फुटलं.

दिगंबरला दोघांनी काखेत धरून लहान मुलासारखं खाली उतरवावं लागलं. पोलीस येईपर्यंत त्याला एका स्टुलावर बसवलं होतं. कुणी मारलं नाही. शरतदाने बजावलं होतं. लोक नुसते येऊन त्याच्याकडे बघून जात होते, आणि ते त्याला जास्त लागत होतं. कोट अजून अंगातच होता.

शकुन डोळे पुसून त्याच्यासमोर आली. तिने त्याच्या खांद्यावरचे चार टाके उसवले आणि आतली पट्टी बोटाने बाहेर ओढली. पांढरी, जाड.

"हा कोट मी शिवलाय, भाऊजी," ती मराठीत, त्याच्यापुरतं म्हणाली. "पट्टी खरी आहे. उडी मारली असतीत तर झुलत राहिला असतात. मी खोटी पडले असते, आणि तुमचा मान आणखी वाढला असता."

दिगंबर त्या पट्टीकडे बघत राहिला. मग त्याने ती बोटांनी चाचपली.

"मग मला आधी सांगितलं का नाही?"

"आमच्या ह्यांना तुम्ही सांगितलं होतंत?"

शकुनने त्याला कोट उतरवायला लावला आणि तो शरतदाला दिला. सगळ्या कारखान्यात माणूस धरून ठेवील असा तो एकच कोट होता.