मान मोज्याची, चोच चिमट्याची

मित्रांनो, मी एक जुनी मान आहे. हसू नका. मला पोट नाही, पाय नाहीत, पंख नाहीत. नुसती मान, तिच्यावर डोकं आणि डोक्याला चोच. पाणथळीतल्या पक्ष्यांच्या केंद्रात, पिल्लांच्या खोलीबाहेर एका खुंटीवर मी लटकत असते. तरीही छातीठोकपणे सांगते (छाती नसली म्हणून काय झालं?), मी बारा पिल्लांची आई आहे.

मला घडवलं शिंपीकाकांनी. दुकान मुलाकडे सोपवून काका केंद्रात स्वयंसेवक झाले होते. तळ्यातली जलपर्णी उपसता उपसता त्यांचे गुडघे बोलू लागले, तेव्हा तिथल्या डॉक्टरीणबाईंनी त्यांना बसून करायचं काम दिलं. क्रौंच पक्ष्याची मान शिवायची. काकांनी लांब राखाडी मोजा घेतला, स्वयंपाकघरातला चिमटा रंगवून चोच केली आणि डोळ्यांना बटणं लावली. एक कोटाचं, एक शर्टाचं. त्यामुळे जन्मापासून माझ्या चेहऱ्यावर जरा आश्चर्यच असतं.

माझं काम आईवेगळ्या पिल्लांना भरवण्याचं. स्वयंसेवकाने राखाडी झगा घालायचा, तोंड झाकायचं, मला हातावर चढवायचं आणि चोचीत मासळीचा तुकडा धरून पिल्लापुढे न्यायचा. खोलीत मात्र अवाक्षर काढायचं नाही. पिल्लाला माणसाच्या आवाजाचा लळा लागला की ते मोठेपणी माणसांमागे धावतं. त्याला मोकळं सोडता येत नाही, जन्मभर जाळीत ठेवावं लागतं.

हा नियम ऐकून काकांचे डोळे लकाकले. दुसऱ्याच दिवशी त्यांनी काकूंचं नाव नोंदवलं.

काकूंनी एकतीस वर्षं रेल्वे स्टेशनवर गाड्यांच्या घोषणा केल्या होत्या. त्या निवृत्त झाल्या, पण आवाजाला कुणी तसं कळवलं नव्हतं. घरी त्या ‘आमटी उकळली’ म्हणाल्या की शेजारच्या इमारतीत पानं घेतली जात. आठवडाभरातच काका डॉक्टरीणबाईंच्या दारात उभे राहिले.

"डॉक्टर, हिला बोलायचं काहीतरी काम द्या हो. दिवसभराचं साठवते आणि संध्याकाळी सगळं माझ्यावर ओतते."

"काका, नाव तुम्हीच नोंदवलंत ना?"

काकांनी आपल्याच पायावर धोंडा पाडून घेतला होता.

मग बारावं पिल्लू आलं. मूठभर जीव, तीन दिवस चोच उघडेना. मी मासळी नाचवली, मान डोलावली, काही म्हणता काही होईना. तिसऱ्या दुपारी आसपास कुणी नव्हतं. काकूंनी झग्यातून हळूच तोंड काढलं आणि कुजबुजल्या, "कृपया इकडे लक्ष द्या. बारा नंबरची गाडी तीन दिवस उशिराने धावत आहे. प्रवाशांनी कृपया तोंड उघडावं."

पिल्लाने तोंड उघडलं! मी सगळं पाहिलं, पण मला चोच असली तरी जीभ कुठे आहे? पुढे रोजच घोषणा व्हायची आणि पिल्लू रोज बाळसं धरायचं. मला वाटायचं, माझ्याच मायेचा हा गुण.

सोडण्याआधीच्या परीक्षेला डॉक्टरीणबाई उघड्या तोंडाने आवारात शिरल्या. "काय रे पोरांनो, कसं काय?" बाकीची पिल्लं जीव घेऊन पळाली. बारा नंबर धावत आलं आणि त्यांच्या खिशात चोच खुपसून उभं राहिलं.

"कोण बोललं याच्याशी?"

काकूंनी तोंडावरचं फडकं खाली ओढलं. "मी बोलले," त्या म्हणाल्या. "खात नव्हतं हो ते. मरेल असं वाटलं."

"मग आता याला माणसाची भीती तुम्हीच घाला. सात दिवस आहेत. नाही जमलं, तर ते जाळीतच राहील."

मला काकांच्या हाती देऊन काकू भोंगा घेऊन उभ्या राहिल्या. पहिले दोन दिवस घशातून आवाजच फुटेना. पिल्लू आपलं लाडाने त्यांच्या पायाशी. तिसऱ्या दिवशी काकूंनी डोळे मिटले आणि एकतीस वर्षांचा आवाज एकदम बाहेर काढला. "बारा नंबर! फलाट रिकामा कर! चालतं हो!"

तळ्यावरचे सगळे पक्षी उडाले. डॉक्टरीणबाईंचा चहा सांडला. पिल्लू धडपडत माझ्याकडे आलं आणि मोज्यात डोकं खुपसून थरथरत राहिलं. मलाही रडू आलं असतं, पण बटणांना पाणी येत नाही. पलीकडे काकू रडत होत्या आणि ओरडतही होत्या. सातव्या दिवशी ते बाकीच्यांबरोबर उडून गेलं.

मित्रांनो, आता मला कसर लागली आहे, कोटाचं बटण लोंबतं आहे. दोन टाके घाला, एवढंच मागणं. आणि मला कपबशा पुसायला घेऊ नका, मी आई आहे.

जाता जाता कालची गोष्ट सांगते. वर्षभराने क्रौंचांचा थवा उतरला. एकाच्या पायात बारा नंबरचं कडं होतं. काकू काठावर गेल्या आणि अगदी हळू म्हणाल्या, "आलास का रे बाळा?"

त्याने मान वर केली, क्षणभर ऐकलं आणि जे उडालं ते थेट तळ्याच्या पलीकडे.

काकूंनी पदराने डोळे टिपले आणि साऱ्या पाणथळीला ऐकू जाईल अशा आवाजात काकांना म्हणाल्या, "पाहिलंत? ओळखलं त्याने मला!"