ट्रेडमिलला प्लॉटचा भाव

हसू नका यार, आधी पूर्ण ऐका. आमच्या बाळकुमच्या घरात ती ट्रेडमिल होती ना, जिच्यावर आईच्या साड्या वाळायच्या? आबांना डॉक्टरने शुगर सांगितलेली, तेव्हा बहात्तर हजाराला घेतलेली. आठ दिवस चालले, खेळ खल्लास. आता दिशाताईच्या लग्नाला पाहुणे येणार, म्हणून आबा बोलले, "नयन, टाक ती ऑनलाइन."

मी चाळीस टाकणार होतो, तर आबा भडकले. "आपुन जागा कवा पडत्या भावात इकली का रं? थांबायचं. भाव वाढतोच." आणि मी पण येडा, पासष्ट टाकले! जणू प्लॉटच विकतोय.

दोन महिने लोक विचारतायत, बारा, चौदा, पंधरा. मी एकेकाची इज्जत उतरवतोय. एकीने लिहिलेलं, "सोळाला द्याल का? पप्पांच्या गुडघ्याचं ऑपरेशन झालंय, रोज चालायला सांगितलंय." मी काय पाठवलं? "ताई, बजेट नसेल तर गार्डनमध्ये चालवा ना पप्पांना, फ्री आहे." त्याचा स्क्रीनशॉट तुम्हालाच टाकलेला. तुम्ही पण हसलेलात, आता गप्प काय बसलात?

मग ह्या प्रितमने दाखवलं, तीच मशीन आता नवी कोरी चौतीसला मिळते. माझी फाटली. पंधरा आणि त्याच्या वर बोललेल्या सगळ्यांना एकच मेसेज कॉपी-पेस्ट, "सोळा फायनल." कुणाला काय जातंय ते बघितलंच नाही.

रविवारी बेल वाजली. मोहन्याहून मृणाल नावाची मुलगी आणि काठी टेकत तिचे पप्पा, देवरामकाका. मी पत्ता नीट कळला ना विचारलं, तर तिने मोबाईल पुढे केला. पत्त्याच्या वर सोळा फायनल. त्याच्या वर माझं गार्डन, इमोजीसकट.

मला वाटलं, शिव्या दे बाई एकदाच. तिने मोबाईल खिशात टाकला. काकाच हसले. "आमच्या आळीत गार्डन नाही रे बाळा. असतं तर आलो नसतो."

मग काका मशीनपाशी बसले, दुखऱ्या गुडघ्यावर हात ठेवून. तीस वर्षं वागळे इस्टेटला मेकॅनिक होते म्हणे. पट्टा उचलून बोट फिरवलं. "सुकलाय. पडून पडून चिरा गेल्यात. नवीन टाकावा लागेल. बाराची वस्तू आहे ही."

"मग बाराच देऊ ना, पप्पा," मृणाल बोलली.

"तू सोळा बोललेलीस ना? मग सोळा."

बारा द्या, एवढंच बोलायचं होतं मला, माझ्या आईची शपथ. पण समोर सोफ्यावर आबा बसलेले. सोळा घेतले. ते लोक गेल्यावर आबा बोलले, "बघ, थांबलो म्हणून सोलाला गेली." मला कुठे तोंड लपवू असं झालं.

काल तिने व्हिडिओ पाठवलाय. काका दांडी धरून चालतायत, खाली पट्टा खर्र खर्र वाजतोय. खाली लिहिलंय, थँक्यू दादा. दादा! मी अजून उत्तर नाही दिलं.

म्हणून बोलवलं तुम्हाला. हा बघा, नवीन पट्टा आणलाय, माझ्या पगारातून, आबांना माहीत नाही. प्रितम, गाडी काढ ना. मोहन्याला एकटा जायची हिंमत नाही होत रे. आणि त्या स्क्रीनशॉटवर खी खी करत हसणारा इमोजी तू पण टाकलेलास.