वाकड्या काठीचा दगड

दौंडातल्या बिशप बंगल्यात आता बिशप नाही, हे सांगून सांगून माझं तोंड दुखलं. ख्रिस्ती लोकांचे मोठे धर्मगुरू इथे राहायचे, त्याला जमाना झाला. मग रेल्वेचा साहेब आला, मग रेशनचं गोदाम झालं आणि आता कुरकुंभच्या कंपन्यांत शिफ्ट करणाऱ्या पोरांचं हॉस्टेल आहे. मेस माझी. सगळं बदललं, दारावरचा दगड तेवढा राहिला. त्यावर टोकाला वाकडी अशी काठी कोरलेली आहे, बिशपांच्या मानाची खूण.

त्या काठीनंच माझे सासरे गेणबा, म्हणजे आमचे आबा, फसले. तरुणपणी ते कवठे येमाईहून मेंढरं घेऊन इथून चालले होते. नाताळचा दिवस होता. बिशप तसलीच काठी घेऊन बाहेर आले. आबांना वाटलं, हाही धनगरच! रामराम घालून विचारलं, "मामा, तुमची मेंढरं कुठं बसवलीत?"

लोक खो खो हसले. बिशप हसले नाहीत; आपल्या भक्तांना ते मेंढरंच म्हणायचे. म्हणाले, "माझी पांगलीत रे चहूकडं. तुझी आण आत."

तेव्हापासून दरसाल कळपाचा मुक्काम या आवारात. साहेब बदलले, पण फाटक कुणी लावलं नाही. बागेला फुकटचं खत कोण सोडतंय? पुढं आम्ही मेंढरं विकली, शेती धरली; मी मेस घेतल्यापासून आबाही इथंच असतात.

परवा मालक सत्यजीतराव गवंडी घेऊन आले. दगड फोडून तिथं हॉस्टेलचा बोर्ड लावायचा होता. आबा उंबऱ्यावर ठाण मांडून बसले. सासरेच ते, ओरडताही येईना. आणि खरं सांगते, माझाही जीव तुटत होता.

"आबा, उठा. त्या दगडात काय ठेवलंय?" सत्यजीतराव म्हणाले.

"ही काठी बघून वाटसराला कळतं, हितं मुक्काम मिळतो. फोडू नगा."

"अहो, पण आता मेंढरं आहेत कुठं?"

तेवढ्यात फाटकापाशी कंपनीची बस थांबली. बिहारची, ओडिशाची पोरं उतरली. रात्रपाळीनं डोळे लाल, कुणाला धड चालवत नव्हतं. आबांनी आपली काठी तिकडं केली.

"ती काय, आली की."

सत्यजीतरावांनी गवंड्याला बोर्डासाठी शिडी बाजूच्या भिंतीला लावायला सांगितली. आबा उठले, फाटकाची दोन्ही दारं सताड उघडली आणि मला म्हणाले, "सुषमे, भाकरी टाक. लई लांबनं आल्यात."